चंपाची चार बिस्किटं: कुत्र्यासाठी घरचा खाऊ, हिशोबासकट

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा ज्यांनी बसमध्ये अर्धा ऐकला आणि मग रेंज गेली, त्यांच्यासाठी हे लिहून काढलेलं रूप. बोलताना मी जिथे जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच आहे. मागच्या आठवड्यात बऱ्याच जणांनी विचारलं होतं, "कुत्र्याला घरी बिस्किटं करून दिली तर चालतात का?" चालतात. पण "घरचं आहे ना, मग काही होत नाही" हे वाक्य मीही म्हटलं होतं आणि ते मला महागात पडता पडता राहिलं. म्हणून आज रेसिपीच्या आधी थोडा हिशोब आणि थोडी फजिती.

अण्णा, चंपा आणि चहाची टपरी

आमचं घर नगरला, सावेडीत. कागदावर आता अहिल्यानगर झालंय, पण तोंडात नगरच येतं, सांभाळून घ्या. मी सॉफ्टवेअरमध्ये, आठवड्यातले तीन दिवस पुण्यात आणि बाकीचे घरून काम. अण्णा एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त. आणि आमची चंपा, गावठी कुत्री. डिसेंबर 2020 मध्ये चंपाषष्ठीच्या दिवशी ती आमच्या गेटपाशी कुडकुडत बसलेली सापडली. खंडोबाच्या सणाला कुत्रं दारात आलंय म्हटल्यावर आईने हाकलायचा प्रश्नच नव्हता. नाव पण तिथेच ठरलं.

अण्णा निवृत्त झाले तेव्हा पहिले दोन-तीन महिने घरात नुसते बसून असायचे. ज्या माणसाने तीस वर्षं रोज शेकडो लोकांशी बोलणं केलं, त्याच्याशी बोलायला दिवसभर कोणी नाही. चंपामुळे ते बाहेर पडायला लागले. सकाळी सहाला आणि संध्याकाळी पाचला, दोघं टपरीवर. अण्णांचा कटिंग चहा आणि चंपाची ग्लुकोज बिस्किटं. सकाळी सहा, संध्याकाळी पाच. टपरीवरचे सगळे चंपाला ओळखतात. अण्णांना ओळखतात ते "चंपाचे मालक" म्हणून.

गेल्या वर्षी लसीकरणाला घेऊन गेलो तर काट्यावर चंपा 20 किलो. डॉक्टर मॅडमनी तिच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बरगड्या हाताला लागत नाहीयेत. हिच्या बांध्याला 16 किलो पुरे. काय काय खाते?" अण्णांनी प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. मॅडम म्हणाल्या, "काका, बिस्किटं आजपासून बंद."

येताना गाडीत अण्णा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते फिरायलाच गेले नाहीत. म्हणाले, "टपरीवर जाऊन तिला नुसतं बघत बसवू का? ती माझ्या हाताकडं बघते रे."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की इथे प्रश्न बिस्किटाचा नाहीये. हाताचा आहे. हात रिकामा करायचा नव्हता, हातात काय आहे ते बदलायचं होतं.

आधी हिशोब, मग पीठ

मॅडमनी आकडा कसा काढला ते मी विचारून घेतलं, कारण माझा स्वभावच तसा. कुत्र्याचं शरीर नुसतं पडून राहिलं तरी त्याला किती ऊर्जा लागते याचं एक सूत्र पशुवैद्यक वापरतात: वजनाचा 0.75 वा घात, गुणिले 70. घाबरू नका, फोनच्या साध्या कॅल्क्युलेटरवर जमतं. वजन तीन वेळा एकमेकांशी गुणायचं आणि मग वर्गमूळाचं बटण दोनदा दाबायचं.

चंपाचं योग्य वजन 16. म्हणजे 16 गुणिले 16 गुणिले 16, झाले 4096. एकदा वर्गमूळ 64, पुन्हा वर्गमूळ 8. आठ सत्ते छप्पन्न, म्हणजे 560 कॅलरी. नसबंदी झालेल्या, सर्वसाधारण हालचाल असणाऱ्या मोठ्या कुत्र्याला वजन टिकवायला याच्या साधारण 1.6 पट लागतं, म्हणजे 896. पण वजन उतरवायचं असेल तर डॉक्टर बऱ्याचदा योग्य वजनाचा मूळ आकडाच धरतात. चंपाला दिवसाला 560.

दुसरा नियम, जो जगभर सांगितला जातो: दिवसभराच्या कॅलरीपैकी जास्तीत जास्त 10 टक्के खाऊतून याव्यात. बाकीचे 90 टक्के पूर्ण, संतुलित जेवणातून. म्हणजे चंपाचं खाऊचं बजेट दिवसाला 56 कॅलरी.

आता एक ग्लुकोज बिस्किट साधारण 20 कॅलरीचं. अकरा बिस्किटं म्हणजे 220. पाचशे साठमधले 220! जवळपास 40 टक्के. तुमच्या-माझ्या भाषेत सांगायचं तर दोन हजार कॅलरीवर जगणाऱ्या माणसाने जेवणाच्या वर रोज तीन वडापाव खाण्यासारखं. आणि त्यात मैदा, साखर, तेल, मीठ, म्हणजे कुत्र्याच्या कामाचं फारसं काहीच नाही. टपरीवर कोणीही चंपाचं वाईट चिंतत नव्हतं. आपण बिस्किट आपल्या पोटाच्या मापाने मोजतो, गडबड तिथे होते.

माझी फजिती

आता ज्या भागासाठी हा एपिसोड केला तो.

मी अण्णांना म्हटलं, "काळजी नको. मी घरी करतो, एकदम हेल्दी." शनिवारी ओव्हन लावला. गव्हाची कणीक, थोडं साजूक तूप, साखरेऐवजी गूळ, आणि पौष्टिक म्हणून मूठभर मनुका. मनुकांनी रक्त वाढतं, आजीचं वाक्य डोक्यात होतं. घरभर वास सुटला. चंपाने तीन बिस्किटं खाल्ली. मी फोटो काढून ग्रुपवर टाकला.

वीस मिनिटांत कॉलेजच्या एका मैत्रिणीचा फोन. तिच्याकडे दोन कुत्री. नमस्कार नाही, काही नाही. "त्यात काळं काळं काय आहे? मनुका आहेत का? आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा."

अण्णांनी चंपाला उचललं, मी गाडी काढली. दवाखाना बंद करायच्या बेतात असलेल्या मॅडमनी तीनच प्रश्न विचारले: काय खाल्लं, किती खाल्लं, किती वेळ झाला. खाऊन तासही झाला नव्हता, ते आमचं नशीब. त्यांनी इंजेक्शन देऊन उलटी करवली. मनुका बाहेर आल्या, मोजता येतील अशा. मग सलाईन, आणि पुढचे तीन दिवस किडनीच्या तपासण्या. रिपोर्ट नॉर्मल आले. पण त्या तीन रात्री अण्णा चंपाच्या पोत्याशेजारी खाली गादी टाकून झोपले आणि मी वर कॉटवर जागा.

ते मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

द्राक्षं आणि मनुका कुत्र्याची किडनी निकामी करू शकतात. एखादं कुत्रं बरंच खाऊन ठीक राहतं, तर दुसऱ्याला थोड्यात त्रास होतो, त्यामुळे "इतपत चालतं" असं सुरक्षित माप सांगता येत नाही. हे का होतं ते बरीच वर्षं कोडंच होतं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा तज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. द्राक्षात ते भरपूर असतं, आणि आपल्या बांधावरच्या चिंचेतही. म्हणून चिंचही यादीत टाका. द्राक्षाचा हंगाम आला की आपल्याकडे घरोघरी पेट्या येतात, तेव्हा हे विशेष लक्षात ठेवा.

आणि एक. असं काही झालं तर घरी मिठाचं पाणी पाजून उलटी करवायला जाऊ नका. मिठाचीच विषबाधा होऊ शकते. सरळ डॉक्टरला फोन, आणि वरच्या तीन प्रश्नांची उत्तरं तयार.

काय घालायचं नाही

माझ्या कामात एक गोष्ट शिकलो. नवीन काही जोडण्याआधी जे मोडू शकतं ते बाहेर काढायचं. कुत्र्याच्या खाऊचंही तेच. तो "हेल्दी" होतो तो मुख्यतः आपण काय घालत नाही त्यामुळे.

कांदा आणि लसूण: कच्चा, तळलेला, वाळलेली पावडर, मसाल्यातला, कुठल्याच रूपात नाही. यातले गंधकाचे घटक कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतात, आणि शिजवल्याने ते नाहीसे होत नाहीत. त्रास लगेच न दिसता काही दिवसांनी दिसतो. त्यामुळे रश्श्यात बुडवलेली भाकरी प्रेमाची असली तरी कामाची नाही.

चॉकलेट आणि कोको: त्यातलं थिओब्रोमीन माणूस लवकर पचवतो, कुत्र्याच्या अंगात ते तासन्‌तास राहतं. जितकं कडू आणि गडद, तितकं जास्त घातक.

झायलिटॉल: शुगर-फ्री च्युइंगगम, काही शुगर-फ्री गोळ्या आणि काही पीनट बटरमध्ये हे असतं. आपल्याला निरुपद्रवी. पण कुत्र्याच्या शरीरात यामुळे एकदम इन्सुलिन सुटतं आणि अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर धोकादायक इतकी खाली येऊ शकते. डब्यावरची बारीक अक्षरं वाचा.

यीस्टचं कच्चं पीठ: पोटात गेल्यावरही फुगत राहतं, आणि त्यातून मद्यार्क तयार होतो.

जायफळ: पुरणपोळी, श्रीखंड, बासुंदी आपल्यापुरती ठेवायची.

याशिवाय साखर, गूळ, मीठ आणि जास्तीचं तूप. ही लगेच विषारी नाहीत, पण त्यांची गरजही नाही. फार स्निग्ध खाल्ल्यावर काही कुत्र्यांच्या स्वादुपिंडाला सूज येते आणि ते दुखणं फार वाईट. गूळ साखरेपेक्षा "नैसर्गिक" वगैरे आपल्यासाठी. चंपाच्या हिशोबात दोन्ही एकच.

इथे कुणाला संत नामदेवांची गोष्ट आठवेल. कुत्रं भाकरी पळवतं आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावतात, कोरडी खाऊ नकोस म्हणून. मी ही गोष्ट मॅडमना सांगितली. त्या हसून म्हणाल्या, "ते कुत्रं मैलोन्‌मैल पळणारं होतं. तुमचं सोफ्यावर झोपतं."

भाकरीवर वाढलेलं कुत्रं

मग घालायचं काय? मी परदेशातले व्हिडिओ बघून ओटचं पीठ, नारळाचं पीठ शोधायला लागलो होतो. आईने विचारलं, "बाजरीचं काय वाईट आहे?"

काहीच वाईट नाही. आपल्या जिल्ह्याच्या पारनेर, पाथर्डी, कर्जत या कमी पावसाच्या पट्ट्यात घरात बाजरी-ज्वारी, म्हणून कुत्र्यालाही भाकरीच. धनगरांच्या वाड्यावर मेंढ्या राखणाऱ्या कुत्र्यालाही तीच. नेवाशाजवळच्या देवगडला दत्ताच्या दर्शनाला गेलात तर मूर्तीच्या पायाशी कुत्री आहेतच. देवाच्या नावाने असो की राखणीच्या, कुत्र्याच्या वाट्याची भाकरी ही आपली जुनी रीत.

आणि विज्ञान या रीतीला अर्धा पाठिंबा देतं. 2013 मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एक संशोधन आलं. लांडग्यात पिठूळ पदार्थ पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या साधारण दोन प्रती असतात, पण कुत्र्यात त्या 4 पासून 30 पर्यंत सापडल्या. म्हणजे माणसाच्या शेजारी राहता राहता कुत्रं आपलं धान्य पचवायला शिकलं. उरलेला अर्धा भाग असा की पचतं म्हणजे पुरतं असं नाही. नुसत्या भाकरीवर कुत्र्याला लागणारी प्रथिनं, स्निग्धांश, कॅल्शियम हे सगळं मिळत नाही. म्हणून खाली जे सांगतोय ते जेवण नाही, खाऊ आहे.

बाजरीला मी जादूची कांडीही म्हणणार नाही. तुमच्या कुत्र्याला गहू सोसत असेल तर गव्हाचं पीठही चालेल. कुत्र्यांच्या अन्न-ॲलर्जीत बीफ, दूध, चिकन यांचा नंबर गव्हाच्या आधी लागतो. बाजरी एवढ्यासाठीच की ती आमच्या घरात असते, कोपऱ्यावरच्या गिरणीत ताजी दळून मिळते, आणि वडापावच्या पावासारखा त्यात मैदा नाही. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, त्यानंतर हेच पीठ चकचकीत पाकिटात तिप्पट भावाने दिसायला लागलं. तुम्ही गिरणीतच जा.

रेसिपी

साहित्य मोजून: बाजरीचं ताजं पीठ 200 ग्रॅम, एक अंडं, वाफवून कुस्करलेलं डांगर, म्हणजे लाल भोपळा, 100 ग्रॅम, आणि भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट 15 ग्रॅम, म्हणजे एक मोठा चमचा. बस. मीठ नाही, गोड नाही, बेकिंग पावडर नाही. बिस्किट फुगायची गरजच नाही.

पीठ का ताजं? बाजरीत स्निग्धांश जास्त असतो आणि दळल्यावर तो लवकर खवट होतो, म्हणून पीठ कडू लागतं. आठवड्याभरात संपेल एवढंच दळा. आणि शेंगदाणे निवडून घ्या. काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे सरळ फेकून द्या. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृतावर घाव घालतं, कुत्री त्याला फार नाजूक, आणि ओव्हनच्या उष्णतेने ते पूर्ण जात नाही. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेत याच विषामुळे कुत्र्यांचं तयार खाद्य बाजारातून परत मागवावं लागलं होतं आणि कित्येक कुत्री दगावली होती. कारखान्यात होऊ शकतं ते आपल्या डब्यातही होऊ शकतं.

पहिली पायरी भाकरीचीच. बाजरीत गहूसारखा चिकटपणा नाही, म्हणून गार पाण्यात मळलं तर बिस्किटं भुगा होतात. माझी पहिली खेप तशीच झाली. आई म्हणाली, "भाकरीला आधण घालतो ना आपण?" पिठात थोडं उकळतं पाणी घालून चमच्याने ढवळा, पाच मिनिटं झाका. पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो. कोमट झाल्यावर भोपळा, कूट आणि अंडं घालून मळा. अंडं पिठाला धरून ठेवतं. पाणी एकूण तीन-चार मोठे चमचे पुरतं, कारण भोपळ्यातही असतं.

प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये पाऊण सेंटीमीटर जाड लाटा. पाण्याच्या बाटलीच्या झाकणाने गोल कापा. मला साधारण 75 बिस्किटं मिळतात. ओव्हन 160 अंशावर, 25 ते 30 मिनिटं. मग ओव्हन बंद करा आणि बिस्किटं आतच तासभर राहू द्या. हा वाळवण्याचा टप्पा सोडू नका. 'बिस्किट' या शब्दाचा मूळ अर्थच दोनदा भाजलेलं. मोडल्यावर कट्‌कन आवाज आला पाहिजे.

ओव्हन नाही? जाड बुडाची कढई घ्या, तळाला मीठ किंवा वाळू, त्यावर स्टँड, त्यावर ताटली, वर झाकण. दहा मिनिटं आधी तापवून मग मंद आचेवर 35-40 मिनिटं, मधे एकदा उलटवून. किंवा त्याहून सोपं: पातळ भाकरी थापून तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजा, सुरीने चौकोन कापा आणि मंद तव्यावर कडक होऊ द्या. दिसायला खास नाही, पण चंपाने आजवर तक्रार केलेली नाही.

तिसरा मार्ग बेकरीची भट्टी. आपल्याकडे दिवाळी-ईदला घरचं सामान देऊन नानकटाई भाजून आणतात, तसंच. फक्त ट्रे वेगळा मागा. आदल्या घाण्याच्या मनुका किंवा चॉकलेट त्याला चिकटलेलं नको.

साठवण: यात टिकवणारं काहीच घातलेलं नाही. घट्ट डब्यात, फ्रीजमध्ये आठवडाभर. जास्त केली तर फ्रीझरमध्ये दोन महिने. पावसाळ्यात बाहेर ठेवू नका. मऊ पडलं की बुरशी दोन पावलांवर.

एका बिस्किटाचा हिशोब

पीठ साधारण 720 कॅलरी, अंडं 70, भोपळा 25, कूट 90. एकूण 905. भागिले 75, म्हणजे एक बिस्किट 12 कॅलरीचं. चंपाचं बजेट 56. चार बिस्किटं, 48 कॅलरी, थोडी शिल्लक. तुमच्या कुत्र्याचं वजन वेगळं असेल, तर वरच्या सूत्रात तुमचा आकडा टाका. पिल्लू, गाभण कुत्री, किंवा मधुमेह, किडनीचा त्रास असलेलं कुत्रं असेल, तर सूत्राच्या भानगडीत न पडता आधी डॉक्टरला विचारा. कोणतीही नवीन गोष्ट पहिल्या दिवशी एक तुकडा द्या आणि दोन दिवस पोट बघा.

चार ऐकून अण्णांचं तोंड उतरलं. "अकरावरून चार?" मग आम्ही एका बिस्किटाचे चार तुकडे केले. सोळा तुकडे. सकाळी आठ, संध्याकाळी आठ. तुकडा लहान आहे हे चंपाच्या लक्षातही आलं नाही. शेपटी तितकीच हलते.

जाता जाता एक गंमत. कुत्र्यांसाठी बिस्किट विकायची कल्पना जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकन माणसाची. हा वीज-रोधक विकणारा सेल्समन 1860 च्या सुमारास लंडनला गेला आणि बंदरावर भटकी कुत्री जहाजावरची टणक बिस्किटं खाताना त्याने पाहिली. त्यातून त्याने धंदा उभा केला. त्याच्या कंपनीत काम केलेल्या चार्ल्स क्रफ्टने पुढे 1891 मध्ये लंडनला आपल्या नावाचं श्वान-प्रदर्शन भरवलं, ते आजही भरतं. म्हणजे कुत्र्याचं बिस्किट सुरू झालं तेच माणसाच्या उरलेल्या, साध्या, पीठ-पाण्याच्या बिस्किटापासून. रंग, वास, हाडाचा आकार हे सगळं नंतर, आणि ते विकत घेणाऱ्यासाठी.

सध्याची परिस्थिती

हे सुरू करून पाच महिने झाले. जेवणही मोजूनच चालू आहे, कारण नुसता खाऊ बदलून वजन उतरत नाही. गेल्या रविवारी चंपा 17 किलो 200 ग्रॅम. मॅडमनी बरगड्या चाचपल्या आणि म्हणाल्या, "आता लागतात." पूर्वी जिना चढताना मधे बसायची, आता अण्णांच्या आधी वर.

टपरीवरच्यांना सांगावं लागलं. पहिल्या आठवड्यात दोघा-तिघांनी लपून बिस्किट दिलंच. मग अण्णांनी युक्ती केली. स्वतःच्या डब्यातला तुकडा त्यांच्या हातावर ठेवतात आणि म्हणतात, "हा द्या." लोकांना द्यायला मिळतं, हिशोब आमचाच राहतो.

तो डबा म्हणजे अण्णांचा एसटीतला सुट्ट्या पैशांचा पत्र्याचा डबा. निवृत्तीनंतर कपाटात पडून होता. रात्री ते दुसऱ्या दिवसाचे सोळा तुकडे मोजून त्यात भरतात. संध्याकाळी परत आल्यावर डबा उघडून बघतात. परवा एक तुकडा शिल्लक निघाला, तर मला हाक मारली, "अरे, हिशोब जुळत नाहीये. एक जास्तीचा निघतोय." मी म्हटलं, "द्या मग तिला."

"नाही," म्हणाले, "उद्याच्यात धरतो."

मंडळी, तुमच्या घरी कुत्र्याला काय खाऊ देता आणि त्याचा हिशोब कितीचा निघाला, ते व्हॉइस नोटने कळवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो. पुढच्या वेळी मांजरं. त्यांचा हिशोब साफ वेगळा आहे. तोवर मनुकांचा डबा वरच्या फळीवर ठेवा. भेटू.